थंडी, चहा आणि अंगठा

थंडीत प्रतिभा जागी होते, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी ते बहुधा मे महिन्यात म्हटलेलं असावं.

मी नाशिकचा. आमच्याकडे थंडीची वर्दी पंचांग देत नाही, वर्तमानपत्र देतं. 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी आली, की घरोघरी ट्रंका उघडतात आणि डांबराच्या गोळ्यांचा वास गल्लीभर पसरतो. यंदा त्या बातमीसरशी मी संकल्प सोडला: रोज पहाटे पाचला उठून लिहायचं.

संकल्पाला कारण होतं. 1909 साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखक जिवंत आहे की नाही, हे दिवाळीत ठरतं. या दिवाळीत माझा एकही लेख कुठे आला नव्हता. चिवड्यातले शेंगदाणे वेचता वेचता मेव्हण्यांनी विचारलं, "काय, लिहिणं सुटलं वाटतं?" एखाद्याचे दात पडल्यावर विचारावं, त्या आवाजात.

कालिदासाने 'ऋतुसंहारा'त हेमंताला एक आणि शिशिराला एक असे सबंध सर्ग दिले. पण त्याला दहाच्या ठोक्याला काउंटर उघडायचं नव्हतं. मी कानटोपी, स्वेटर, वर शाल असा बसलो, तर हाताचं पेन बाहेरच येईना. आतून आवाज आला, "अहो, उठलाच आहात तर गीझर लावा, आणि दुधाच्या पिशव्या आत घ्या." तीन पहाटांत एक वाक्य झालं: 'हेमंत ऋतू आला.' चौथ्या पहाटे त्याला 'आहे' जोडलं. बी.कॉम. माणसाला तेवढीही वाढ दिलासा देते.

इकडे बँकेत नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. आपण जिवंत आहोत, हे पेन्शनरांनी दरवर्षी सिद्ध करायचं. पूर्वी ते आमच्यासमोर सही करून व्हायचं; 2014 पासून यंत्रावर अंगठा ठेवूनही होतं. पण थंडीत कातडी कोरडी पडते आणि यंत्राला रेषा दिसत नाहीत.

त्या दिवशी एक आजी आल्या. नवऱ्याच्या मागे मिळणारी फॅमिली पेन्शन. अंगठा चार वेळा ठेवला, चारही वेळा यंत्राने नकार दिला.

"नाही म्हणतंय?" त्यांनी विचारलं. "साठ वर्षं भांडी घासली रे बाळा, रेषा कुठल्या राहायला?"

मी म्हटलं, "आजी, कागदाचा फॉर्म आहे. सही करा, झालं."

"छे! त्या डब्याने कबूल केलं पाहिजे."

तेवढ्यात माझा दहा वाजल्यापासून मागवलेला चहा आला. काय वाटलं कोण जाणे, मी तो ग्लास त्यांच्या हातात दिला. "प्या, किंवा नुसता धरा. बोटं तरी शेकतील."

त्यांनी दोन्ही तळव्यांत ग्लास धरला आणि बोलू लागल्या. "ह्यांना थंडीत सारखा चहा लागायचा. पहाटे पाचलाच आधण ठेवायचे मी. आता एकटीसाठी ठेवावंसं वाटत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "जाग मात्र पाचलाच येते."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "इथं काय चहापार्टी चाललीय?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. ही कला बावीस वर्षांच्या नोकरीत साधली आहे.

पाचव्यांदा अंगठा ठेवला. यंत्रावर हिरवा दिवा लागला. आजींनी वळून सबंध रांगेला सांगितलं, "पुढच्या नोव्हेंबरपर्यंत आहे मी!" आणि मघाशी ओरडलेले गृहस्थच आधी हसले. आजींनी उरलेला चहा उभ्या उभ्या संपवला, ग्लास माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "साखर जास्त होती हो."

त्या रात्री जेवण झाल्यावर, पहाटेचा मुहूर्त न बघता, मी वही काढली. 'हेमंत ऋतू आला आहे' यावर काट मारली आणि खाली लिहिलं: 'त्या दिवशी एक आजी आल्या.' पुढचं आपोआप आलं.

दुसऱ्या दिवशीही जाग पाचला आली. उठलो, पण लिहायला बसलो नाही. दोन कप आधण ठेवलं आणि हिला उठवलं. "काय झालं? बरं आहे ना?" ती दचकून म्हणाली.

लेख तयार आहे. मेव्हण्यांनी कृपया नोंद घ्यावी.