तक्त्यात न आलेल्या बायका

वेळापूर म्हटलं की लोकांना अर्धनारी नटेश्वराचं देऊळ आठवतं, माउलींच्या पालखीचा मुक्काम आठवतो. पुण्यात आकडेमोडीवर पोट भरणाऱ्या तिथल्या एका लेकीला आठवतो तो लागणीच्या उसात पाठीवरच्या पंपातून उडणारा अ‍ॅट्राझिनचा फवारा. माहेरी गेली की कुणीतरी विचारतंच, “या औषधानं पोटातल्या बाळाला काही होतं का गं?” तणनाशकालाही गावात औषधच म्हणतात.

होय-नाही असं उत्तर तिच्याकडे नाही. गरोदर बायकांच्या लघवीत औषधाचा अंश मोजायचा आणि बाळाच्या वजनाशी ताडायचा, ही झाली सरधोपट वाट. पण अ‍ॅट्राझिन शरीरातून एक-दोन दिवसांत निघून जातं. आठव्या महिन्यातला नमुना दुसऱ्या महिन्यातल्या फवारणीबद्दल काय सांगणार?

खरी मेख वेगळीच. अमेरिकेतल्या अ‍ॅलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांची लघवी रोजच्या रोज तपासली. निष्कर्ष १९८८ साली छापले. राहिलेल्या गर्भांपैकी २२ टक्के गर्भ दिवस गेल्याचं कुणाला कळायच्या आतच गेले होते. पाळी जरा लांबली, एवढंच त्या बाईला वाटणार. एखादं रसायन नेमकं तेव्हाच गर्भ पाडत असेल, तर प्रसूतीच्या वहीत उरतात ती तगलेली बाळं. त्यांच्या साक्षीवर ते रसायन निर्दोष सुटतं, कधी कधी तर गुणकारीही दिसतं!

म्हणून ती आठवड्या-आठवड्यानं मोजते: या आठवड्यात किती गर्भ टिकून होते, किती गेले. आठव्या आठवड्यात पाहणीत नाव घातलेली बाई आठव्यापासूनच हिशेबात. त्याआधीचे आठवडे तिच्या नावावर फुकट जमा करायचे नाहीत.

फडात तर वहीच हरवते. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याचा पट्टा पडला की परततात. इथं दिवस राहिलेल्या बाईचं बाळंतपण दुसऱ्याच जिल्ह्यात नोंदलं जातं. शिवाय २०१९ च्या सरकारी पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्या ‘गर्भपात नाही’ या रकान्यात जाऊन बसल्या, की पुढचं सगळं गणित खोटं.

संगणक हे बरंचसं सांभाळतो; फवारणीची तारीख मात्र त्याच्याकडे नसते. वेळापुरात कुणी बागायतदार ती डायरीत टिपत असेल, तर वर्ष संपलं म्हणून ती डायरी रद्दीत घालू नये.