खेळाडू विद्यार्थी कोणाचा?

गेल्या दिवाळींत आमचा नातू मुंबईहून घरीं आला तो बगलेंत एक पांढरी तबकडी घेऊन. प्लॅस्टिकची, लहानशा ताटाएवढी, वजनानें पावणेदोनशें ग्रॅम. घरांतील बायकांनीं प्रथम ती पातेल्यावरील झांकणीच समजून उचलून ठेविली, व त्यावरून थोडी शोधाशोधहि झाली. रात्रीं जेवणें आटोपल्यावर पडवींत बसून त्यानें मला त्या खेळाची सर्व रीत समजावून दिली. नांव अल्टिमेट फ्रिस्बी. सात सात गडी. तबकडी हातीं असतां धांवावयाचें नाहीं. सोबत्याकडे फेंकीत फेंकीत पलीकडच्या शेवटच्या पट्ट्यांत झेलली म्हणजे गुण. आणि पंच मुळींच नाहीं! तंटा उपस्थित झाला तर ज्याचा त्यानें मैदानांतच मिटवावयाचा. पंचाच्या अभावाचें मला नवल वाटलें खरें, परंतु मनांत घर करून राहिली ती निराळीच गोष्ट.

हा खेळ १९६८ सालीं अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील मेपलवुड गांवच्या एका शाळेंतील मुलांनीं रचिला. त्याच मुलांनीं तो पुढें कॉलेजांत नेला, आणि १९७२ च्या नोव्हेंबरांत रट्गर्स व प्रिन्स्टन ह्या दोन विद्यापीठांचा पहिला सामना झाला. कॉलेज सुटलेल्या खेळाडूंनीं मग गांवोगांवीं क्लब काढिले. विद्यार्थी आधीं, क्लब मागाहून. म्हणून तिकडील पंचांगच असें बसविलेलें आहे कीं वसंत ऋतु संपेपर्यंत विद्यापीठांच्या स्पर्धा, आणि उन्हाळ्यापासून शरदापर्यंत क्लबांच्या. एकच मुलगा मे महिन्यांत कॉलेजाकडून खेळतो व जूनमध्यें शहरच्या प्रौढांबरोबर. त्याला कोणी कोणापासून चोरावा लागत नाहीं.

"चोरावा" हा शब्द माझ्या तोंडून सहज गेला, आणि नातू हंसला. परंतु मला हंसूं येईना. कारण मीं स्वतः असा एक मुलगा एका रात्रीपुरता कोंडून ठेविला होता.

मी शाळेंत संस्कृत शिकवीत असें. खेळाचें खातें माझ्याकडे आलें तें दुसरा कोणी घेईना म्हणून. आमच्या मुरबाड तालुक्यांत खेळ म्हणजे कबड्डी, आणि ती शाळेची नव्हे, गांवाची. शाळा तिच्यांत मागाहून शिरली. शासनाच्या शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा गटांच्या. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ह्या पायऱ्यांनीं चढत जाणाऱ्या. वरच्या पायऱ्या हिंवाळ्यांत गांठावयाच्या म्हणून तालुक्याची पायरी बहुधा श्रावण-भाद्रपदांतच पडे. देशावर तें चालत असेल. आमच्याकडे त्या दिवसांत मैदान म्हणजे भाताचें खाचर! मुलें गुडघाभर राडींत चढाया करीत, आणि पाय घसरला म्हणून बाद झालेल्या गड्याची समजूत घालतां घालतां मीहि भिजून जाईं. (बुवा साळवी ह्यांच्या जन्मदिवशीं आपण कबड्डी दिन पाळतों तोहि १५ जुलैलाच येतो, पण त्याला इलाज नाहीं.) त्यांतून पद्धत बादची. एक सामना हरला कीं शाळेचें वर्ष संपलें.

पुढें भात कापून, झोडून घरांत येतें. मार्गशीर्षांत जमीन टणक होते, माणसें मोकळीं होतात, आणि मग खरा मोसम सुरू होतो तो गांवच्या मंडळांचा. पौषी पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. खांबलिंगेश्वराच्या दर्शनाला लोक लोटतात, बैलांचा बाजार उभा राहतो, घोंगड्यांचीं दुकानें लागतात. त्याच सुमारास आसपासच्या गांवीं विजेच्या दिव्यांखालीं रात्र रात्र सामने चालतात. ह्या खुल्या स्पर्धांना वयाची मर्यादा नाहीं. आणि नेमकी हीच वेळ दहावीच्या मुलानें दिव्याखालीं पुस्तक धरावयाची.

१९९८ सालची गोष्ट. दहावींतला एक मुलगा, शेतकऱ्याचा, अंगानें किरकोळ, पण चढाईंत विलक्षण चपळ. निदान रेषा ओलांडून तो आंत शिरला कीं समोरची साखळी आपोआप सुटे. त्याच्या बळावर शाळेनें आदल्या पावसाळ्यांत तालुका जिंकला होता, आणि जिल्ह्याला पहिल्याच सामन्यांत आम्ही परतलों होतों. पौष लागला तसे गांवच्या मंडळाचे एक वडीलधारे गृहस्थ मुलाच्या बापाला घेऊन आमच्या ओटीवर आले. "गुरुजी, पोराला येकच रात द्या. तुमच्या शब्दाभाईर तो नाय."

मीं नकार दिला. परीक्षा दोन महिन्यांवर होती, आणि समोरचे गडी तीस-तीस वर्षांचे. नुसता नकार देऊन मी थांबलों नाहीं. त्या रात्रीं दहावीचा जादा तास ठेविला. अकरा वाजेपर्यंत मी लोट् लकाराचीं रूपें सांगत होतों. थंडीच्या हवेंत दूरच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज स्पष्ट ऐकूं येई, आणि दर चढाईला त्या मुलाची पेन्सिल थांबे. तो उठला मात्र नाहीं.

मंडळ त्या रात्रीं हरलें. मुलगा दुसऱ्या वर्गांत उत्तीर्ण झाला व पुढें कल्याणकडे कारखान्यांत लागला. मंडळानें दुसऱ्या वर्षीं दुसरा चढाईबहाद्दर पाहिला. बऱ्याच वर्षांनीं मुरबाडच्या एस. टी. स्थानकावर तो मला भेटला. वांकून नमस्कार केला, मुलाबाळांची हकीकत सांगितली. खेळतोस कीं नाहीं, असें मींच विचारिलें. "नाय गुरुजी, आतां दम पुरत नाय," एवढेंच तो म्हणाला. त्याचें वय तेव्हां पंचविशीच्या आंत होतें.

त्याचा परिणाम म्हणा, २००६ सालीं असाच प्रसंग आला तेव्हां मीं होकार दिला. मध्यरात्रीनंतरच्या सामन्यांत दोन थोराड गड्यांच्या पकडींत तो मुलगा सांपडला आणि उजव्या खांद्याचें हाड मोडलें. मार्चमध्यें त्याच्या उत्तरपत्रिका खालच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें लिहून दिल्या. त्याच्या आईनें मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें वाटलें असतें.

कोणता निर्णय चुकला, ह्याचा विचार मीं पुष्कळ केला आहे. दोन्ही वेळां मुलगा कोणाचा, शाळेचा कीं गांवाचा, असाच प्रश्न आम्ही मोठ्या माणसांनीं घातला होता. शाळेच्या प्रमाणपत्रावर परीक्षेंत सवलतीचे गुण मिळूं शकतात. गांवच्या चषकाला तेथें कांहीं मोल नाहीं. उलट शाळा देते वर्षाला एखाद-दुसरा सामना, तोहि चिखलांत. आणि खेळ अंगीं मुरतो तो मंडळांतील जुन्या गड्यांच्या संगतींत. २०१४ पासून दूरदर्शन संचावर व्यावसायिक प्रो कबड्डी दिसूं लागल्यावर तर मुलांना दहावीपर्यंत थांबा म्हणणेंहि अवघड झालें आहे. नातवाच्या खेळांत, तो सांगतो, हरलेला संघहि घरीं जात नाहीं. प्रथम साखळी, मग शेवटच्या क्रमांकापर्यंतचे सामने. त्यामुळें दोन दिवसांत कॉलेजच्या नवख्या मुलांनाहि पांच-सहा वेळां मैदान मिळतें. हें ऐकून मला खरोखर हेवा वाटला.

वास्तविक तोडगा आपल्याकडे नाहीं असें नाहीं. कबड्डी संघटनेनें किशोर व कुमार असे गट केव्हांच पाडलेले आहेत: किशोरांना १६ वर्षें व ५५ किलो, कुमारांना २० वर्षें व ७० किलो. वय आणि वजन दोहोंची मर्यादा. परंतु हे गट जिल्ह्याच्या निवडीपुरते. गांवच्या रात्रींच्या सामन्यांत त्यांना कोण विचारतो?

खांदा मोडलेला तो मुलगा आज मंडळाचा कारभार पाहतो. दिवाळीनंतर मीं त्याला बोलावून नातवाची सर्व हकीकत सांगितली. पंच नसलेला खेळ त्याला अजिबात पटला नाहीं. "गुरुजी, आपल्याकडं दोन पंच असून भांडनं मिटत न्हाईत!" पण बाकीचें त्यानें मुकाट्यानें ऐकून घेतलें. यंदा यात्रेच्या आदल्या आठवड्यांत त्यानें दुपारीं उन्हांत, खुल्या सामन्यांच्या आधीं, किशोरांचे सामने ठेविले, तेहि साखळी पद्धतीनें. जन्मदाखले तपासण्यास मला टेबलापाशीं बसविलें आणि वजनासाठीं धान्याच्या व्यापाऱ्याचा कांटा आणिला.

एक मुलगा साडेपंचावन्न किलो भरला. तोंड अगदीं उतरून गेलें. मीं त्याला सदरा काढावयास लाविला. पाव किलोनें तरीहि अधिकच. तेव्हां तो कांहीं न बोलतां सभोंवारच्या मोकळ्या खाचरांतून धांवूं लागला. मीं त्याचा जन्मदाखला बाजूला काढून त्यावर दगड ठेविला, आणि पंचांना अर्धा तास थांबावयास सांगितलें.