जिनिव्हाचा आपल्याला काय उपयोग?

मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांबद्दल माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. आपल्या संविधानात मूलभूत हक्क आहेत, ते बजावून घ्यायला सर्वोच्च न्यायालय आहे. मग जिनिव्हातल्या परक्या समित्यांपुढे आपण अहवाल घेऊन का उभं राहायचं? पाकिस्तान, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश यांनी संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार स्वीकारला, म्हणून तिथल्या कोठड्यांतली मारहाण थांबली का? भारताने त्या करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, अनुमोदन मात्र अजून दिलेलं नाही. त्यात काही बिघडलं, असं मला वाटत नव्हतं.

आता वाटतं. आणि ज्याचं बिघडलं तो माणूस आपल्याच तालुक्याच्या पोलीस ठाण्यात बसलेला असतो.

मत बदललं ते आपल्याच न्यायालयाचे निकाल वाचून. १९७९ साली भारताने नागरी व राजकीय हक्कांचा करार स्वीकारला, तेव्हा काही कलमांबाबत अपवाद नोंदवून ठेवले. बेकायदा अटक झालेल्याला भरपाई मागण्याचा हक्क देणारं कलम त्यांतलंच एक होतं. पुढे ओडिशात पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या २२ वर्षांच्या तरुणाचं प्रेत रेल्वे रुळांवर सापडलं. त्याच्या आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. १९९३ च्या या नीलाबती बेहरा खटल्यात तिला दीड लाख रुपये भरपाई मिळाली. भरपाईच्या हक्काचं समर्थन करताना न्यायालयाने सरकारने वगळलेल्या नेमक्या त्याच कलमाचा दाखला दिला. करार स्वीकारलाच नसता, तर त्या आईच्या बाजूने एक आधार कमी असता.

दुसरा निकाल विशाखा खटल्याचा. राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या एका साथिनीवर, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी कार्यकर्तीवर, १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ झाला तर काय करायचं, याचा स्वतंत्र कायदाच तेव्हा देशात नव्हता. महिला संघटना न्यायालयात गेल्या. न्या. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. किरपाल यांनी १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, ती भारताने १९९३ साली अनुमोदन दिलेल्या स्त्रियांविषयीच्या कराराचा आधार घेऊन. त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीच्या शिफारशीही निकालात आहेत. म्हणजे ज्या समित्यांची मला गरज वाटत नव्हती, त्यांतल्याच एकीच्या. पुढे २०१३ चा कायदा आला. आज मुंबई-पुण्याच्या कार्यालयांतल्या अंतर्गत समित्यांचं मूळ विशाखा निकालात आहे. संविधान पुरेसं आहे, असं मी म्हणत असे. पण संविधानाचा अर्थ लावतानाच न्यायाधीशांना या करारांची मदत झाली.

हे सगळं आपोआप होत नाही, याची मला जाणीव आहे. स्त्रियांविषयीचा करार स्वीकारतानाही वैयक्तिक कायद्यांबाबत सरकारने हात राखूनच घोषणा केल्या, आणि त्या अजून कायम आहेत. तरीही अनुमोदन दिलं की नागरिकाच्या हातात काही येतं. नुसत्या सहीने ते येत नाही.

कोठडीतल्या छळाबाबत आपला कायदा पुरेसा आहे, असं सांगितलं जातं. जुन्या दंडसंहितेची ३३० आणि ३३१ ही कलमं, आता भारतीय न्याय संहितेचं १२० वं, कबुली किंवा माहिती काढण्यासाठी केलेल्या दुखापतीबद्दल आहेत. रात्रभर झोपू न देणं, घरच्यांना उचलून आणण्याची धमकी देणं, हे त्यात कुठे बसवायचं? छळविरोधी कराराच्या व्याख्येत मानसिक यातनाही येतात आणि शिक्षा म्हणून केलेला छळही. छळप्रतिबंधक विधेयक २०१० साली लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेच्या निवड समितीकडे गेलं आणि अखेर बारगळलं. विधी आयोगाने २०१७ च्या २७३ व्या अहवालात अनुमोदनाची स्पष्ट शिफारस केली. याची किंमत सरकारही मोजतं: पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकल्याच्या प्रकरणातल्या आरोपीला भारताच्या हवाली करायला डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला, तो इथे छळ होईल या भीतीपोटीच.

तुमचा खासदार कोणत्याही पक्षाचा असो, छळविरोधी कराराला अनुमोदन कधी देणार, हा प्रश्न संसदेत विचारायला त्याला सांगा.