दुकानाची पायरी न चढता

संगणक घ्यायचा म्हटला की आमच्या वाकोल्यातला माणूस आजवर दोनच वाटा धरीत आला. एक वाट लॅमिंग्टन रोडची. सांताक्रूझला गाडी पकडायची, ग्रँट रोडला उतरायचे आणि त्या गजबजाटात शिरायचे. रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आहे, पण ते नाव घेऊन विचारले तर दहातले नऊजण तोंडाकडे बघतात. तिथे सुटे भाग जोडून संगणक उभा करून देतात. ओळखीचा माणूस बरोबर असेल तर चांगला मिळतो, नसेल तर देव जाणे. (आपण देव मानीत नाही, पण जीभ जुन्या वळणाची आहे.) दुसरी वाट काचेच्या शोरूमची, जिथे हप्त्याची सोय असते.

२०२३ साली आमच्या मुलीने तिसरी वाट काढली. जी कंपनी संगणक बनवते तिच्याच संकेतस्थळावर जायचे, हवा तसा निवडायचा, पैसे भरायचे आणि घरी मागवायचा. मध्ये दुकानदार नाही आणि दलाल नाही. समाजातील अनेक कुटुंबांत मुले आता बी.एस्सी. आयटी, डिप्लोमा, इंजिनियरिंगला जात आहेत आणि प्रत्येक घरात हा प्रश्न येणार आहे, म्हणून जे घडले ते सविस्तर लिहिते.

आमच्यासाठी ही रक्कम लहान नव्हती. बेचाळीस हजार रुपये. बायकांच्या बिशीचा माझा नंबर त्या महिन्यात लागला होता आणि उरलेले यांच्या बोनसमधून बाजूला ठेवलेले. एवढे पैसे वस्तू न बघता, हात न लावता, कोणा अनोळखी कंपनीच्या खात्यात टाकायचे म्हटल्यावर हे दोन रात्री नीट झोपले नाहीत. "भाजीवाल्याकडचा टोमॅटोसुद्धा आपण दाबून बघतो," असे यांचे म्हणणे. चूक नव्हते.

पण त्याआधी आम्ही शोरूममध्ये जाऊन आलो होतो. मुलगी, हे आणि मी. विक्रेत्या पोराने पहिल्यांदा आमच्या चपलांकडे पाहिले, मग विचारले, "बजेट किती?" मुलीने प्रोसेसर कोणता, रॅम किती, ती पुढे वाढवता येते का, असे विचारायला सुरुवात केली. उत्तर तिला न देता तो यांच्याशी बोलत राहिला. हप्त्याच्या टेबलावरच्या माणसाने पूर्ण नाव विचारले, मग पत्ता. चाळ की बिल्डिंग, खोली स्वतःची की भाड्याची, मालकीचे कागद आहेत का. शेवटी म्हणाला, तुमच्या वस्तीला आमची कंपनी हप्ता देत नाही. वस्तीला! आमच्या पिनकोडात, ४०००५५ मध्ये, ग्रँड हयातसारखे पंचतारांकित हॉटेलही आहे. म्हणजे अडचण पिनकोडाची नव्हती. घरी परतताना रिक्षात कोणी बोलले नाही. मुलगी एवढेच म्हणाली, "मम्मी, मी कंपनीकडूनच मागवते."

ही थेट विक्रीची रीत आली कुठून, हे मी नंतर तिच्याकडूनच समजून घेतले. अमेरिकेत १९८४ साली मायकेल डेल नावाच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने टेक्सास विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या खोलीत, एक हजार डॉलर भांडवलावर संगणकाचा धंदा सुरू केला. त्याची युक्ती साधी होती. दुकानदाराला माल द्यायचाच नाही. गिऱ्हाईक फोन करील, त्याला काय हवे ते सांगील, पैसे देईल, मग संगणक जोडायचा. त्यामुळे गोदामात माल पडून राहत नाही, मधल्याची टक्केवारी वाचते, आणि गिऱ्हाइकाचे पैसे आधी हातात येतात, सुट्या भागांचे पैसे मात्र नंतर द्यायचे. १९९६ साली त्याच्या कंपनीने फोनऐवजी संकेतस्थळावरून विक्री सुरू केली. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, म्हणजे तेव्हा आपल्याकडे त्याची नुकती सुरुवात होती. पुढे २००७ मध्ये याच कंपनीने तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथे कारखाना काढला. ज्या राजीव गांधींच्या नावाशी आपल्याकडे संगणक जोडला गेला, त्यांची १९९१ साली हत्या झाली ते हेच गाव. त्याच २००७ साली ही कंपनी अमेरिकेत मोठ्या दुकानांतूनही विकू लागली. म्हणजे दुकानाला नको म्हणणाऱ्यालाही शेवटी दुकानाची गरज लागली, हेही ध्यानात घ्यावे. आज जवळजवळ सगळ्या मोठ्या कंपन्या आपापल्या संकेतस्थळावरून थेट विकतात. आम्ही कोणाचा घेतला ते सांगत नाही, हा लेख जाहिरात नव्हे.

निवडीला आमचे तीन दिवस गेले. मुलीने मला शेजारी बसवून एकेक गोष्ट उलगडून दाखवली. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. रॅम म्हणजे ओटा, जितका मोठा तितकी भांडी एकावेळी मांडता येतात. एसएसडी म्हणजे फडताळ. संकेतस्थळावर एकेक भाग बदलला की किंमत लगेच वर-खाली होते. आठऐवजी सोळा जीबी रॅम घेतली की अमुक वाढ, पडदा मोठा घेतला की तमुक वाढ. कशाचे किती पैसे हे समोर दिसते. शोरूममध्ये एकच आकडा सांगतात आणि वर बॅग फुकट देतात. विद्यार्थ्यांसाठी वेगळी किंमत असते, ती कॉलेजचे ओळखपत्र दाखवल्यावर मिळाली. अडीच हजार वाचले. शोरूममधल्या पोराने हे सांगितले नव्हते, तो कशाला सांगेल?

पैसे यूपीआयने भरले. दिवसाला साधारण एक लाखापर्यंत पाठवता येतात, त्यामुळे अडचण आली नाही. बिल लगेच ईमेलवर आले. त्यात कर वेगळा दाखवला होता. लॅपटॉपवर अठरा टक्के जीएसटी आहे, म्हणजे आमच्या बेचाळीस हजारांत सहा हजार चारशेच्या आसपास सरकारचे. कर फक्त टॉवरमधले लोक भरतात असे ज्यांना वाटते त्यांना ते बिल दाखवायला हवे.

नावाच्या रकान्यात मुलीने पूर्ण नाव लिहिले, आडनावासकट. पुढे काही विचारले गेले नाही. पत्त्याच्या रकान्यात मात्र घोळ होता. संकेतस्थळाला फ्लॅट क्रमांक हवा, इमारतीचे नाव हवे. आमच्याकडे खोली क्रमांक, चाळ कमिटीचे नाव आणि नाल्याच्या बाजूची गल्ली. मशिनला जात कळत नाही, पण झोपडपट्टीही कळत नाही. आठव्या दिवशी माल भिवंडीच्या गोदामातून निघाल्याचे मोबाईलवर दिसले. दुसऱ्या दिवशी दुपारी कुरिअरवाल्याचा फोन आला, "मॅडम, गाडी अंदर नही आयेगी." तो वाकोला पुलाखाली होता. मुलगी म्हणाली, थांबा, मी येते. ती पोचली तेव्हा गाडी गेलेली, आणि मोबाईलवर संदेश, पत्ता सापडला नाही, माल परत पाठवत आहोत.

त्या रात्री यांचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हा मी यांना बाबासाहेबांच्या पुस्तकांची गोष्ट आठवण करून दिली. १९१७ साली लंडनहून परत येताना बाबासाहेबांनी आपले सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणबुडीने बुडवली आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. पण थॉमस कुक कंपनीकडून त्यांना सहाशे रुपये नुकसानभरपाई मिळाली, आणि त्याच पैशांवर ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. पुढे बडोद्यात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. एवढा शिकलेला माणूस, पण राहायला जागा मिळेना. पारशाचे नाव लावून पारशी खानावळीत उतरावे लागले आणि तिथूनही हाकलले. हे ऐकून हे म्हणाले, "म्हणजे कंपनीने पैसे दिले, माणसांनी जागा दिली नाही." मी म्हटले, भरपाई मिळाली कारण कागद होता. आपल्याकडेही कागद आहे.

कागद म्हणजे काय, ते नीट सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि त्याखाली २०२० साली ऑनलाइन विक्रीचे नियम आले. विकणाऱ्याला संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क द्यावाच लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तिचा निकाल एका महिन्यात, असा नियम आहे. दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्याहीपुढे ग्राहक आयोग. आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मुलीने ऑर्डर क्रमांक, फोन आल्याची वेळ आणि पत्ता सापडला नाही या संदेशाचा फोटो जोडून तक्रार लिहिली. पत्ताही नव्याने लिहिला: वाकोला मशिदीवरून कसे यायचे, कुठे वळायचे, गाडी कुठे थांबेल, तिथून किती पावले. चौथ्या दिवशी खोका दारात आला. भर पावसात, पण प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेला.

खोका फोडताना मुलीने मोबाईलवर पूर्ण चित्रीकरण केले. खोका रिकामा किंवा फुटका निघाला तर पुरावा हवा. आतल्या मशिनचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळवला, मग कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपासून कधीपर्यंत ते पाहिले. वॉरंटी एक वर्षाची, दुरुस्तीला माणूस घरी येणार अशी. हे "घरी येणार" फार बघून घ्यावे, कारण काही स्वस्त मॉडेलांना मशिन घेऊन आपल्यालाच सेंटरवर जावे लागते, आणि तिथे एक दिवसाचा खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी. पाण्याने बिघडले तर साधी वॉरंटी चालत नाही, त्याचे वेगळे पैसे असतात. आम्ही ते भरले नाहीत, मात्र लॅपटॉपची जागा माळ्यावर ठरवली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि वाकोला नाला घरात आला, तेव्हापासून आमच्याकडे मोलाची वस्तू जमिनीवर ठेवत नाहीत.

चार महिन्यांनी की-बोर्डची दोन बटणे अडकू लागली. तक्रार नोंदवली, तिसऱ्या दिवशी कंपनीचा इंजिनियर आला. चोवीस-पंचवीसचा पोरगा, पाठीवर बॅग. गल्लीतून वाट काढत आला, चपला बाहेर काढल्या, चटईवर मांडी घालून बसला आणि पाऊण तासात की-बोर्ड बदलून दिला. पैसे घेतले नाहीत. मी पाणी दिले, चहा दिला, दोन्ही घेतले. तो गेल्यावर आमच्या सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "पानी पिला का गं त्यो?" त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या लहानपणी गावातला वाणी पैसे उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगायचा, त्यावर पाणी शिंपडून मग उचलायचा, आणि मीठ-मिरची पदरात वरून टाकायचा. लॅपटॉप कितीला आला हे त्यांनी आजवर विचारलेले नाही. पाण्याचे मात्र दोनदा विचारले.

सगळेच गोड आहे असे मात्र नाही. दुकानदार उधार देतो, कंपनी देत नाही. तिथे हप्ता हवा तर बहुतेक वेळा क्रेडिट कार्ड लागते आणि आपल्या किती घरांत ते आहे? "बिनव्याजी हप्ता" म्हणतात त्यातही बँक व्याज लावते, कंपनी तेवढी सूट देते, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्याच माथी येते. बिशी नसती तर आम्हीही दुसऱ्या एखाद्या शोरूमच्या टेबलावरच गेलो असतो. शिवाय फसवणूक. आमच्याच गल्लीत एका कुटुंबाचे नऊ हजार गेले. कंपनीच्या नावासारखेच नाव, एक अक्षर इकडचे तिकडे, आणि ऐंशी टक्के सूट. अशा वेळी तासाभरात १९३० वर फोन करावा, पैसे अडवता येण्याची शक्यता असते. संकेतस्थळाचा पत्ता जाहिरातीतून किंवा व्हॉट्सॲपवरून उघडू नये, स्वतः टाईप करावा.

आता रविवारी विहारात वंदना झाल्यावर मुलीला कोणी ना कोणी गाठते. आजवर पाच घरांचे संगणक तिने बघून दिले. चार थेट कंपनीकडून आले. पत्त्याचा तो मजकूर तिने लिहून ठेवला आहे, खोली क्रमांक बदलून सगळे तोच वापरतात. पाचव्या घरातल्या ताई विधवा आहेत, धुण्याभांड्याची कामे करतात, मुलगा डिप्लोमाला. त्यांच्याकडे अठरा हजारच होते आणि त्या किमतीत त्याच्या कामाचे मशिन कंपनीकडे मिळेना. म्हणून मुलगी त्यांना घेऊन लॅमिंग्टन रोडलाच गेली. जुने, तपासलेले मशिन पसंत केले, दुकानदाराकडून सहा महिन्यांची हमी लिहून घ्यायचे ठरले. पैसे देताना तो म्हणाला, बिल नको असेल तर हजार रुपये कमी करतो. ताईंनी मुलीकडे पाहिले, पिशवीतून अठरा हजार मोजून दिले आणि म्हणाल्या, "बिल द्या, पूर्ण नावाचं."