किरकोळ बदल

दिवाळीच्या सुटीत माझा भाचा पुण्याहून इंदुरास आला होता. संगणकाचे प्रोग्राम लिहिणे हा त्याचा व्यवसाय. एके सकाळी एक इंग्रजी टिपण माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "मामा, एवढी भाषा तपासून द्या." नव्या आवृत्तीबरोबर वापरणाऱ्यांना द्यावयाचे ते निवेदन होते. 'काही किरकोळ बदल केले आहेत' या अर्थाच्या वाक्यापाशी माझी लेखणी थांबली.

"कोणते रे बदल?"

पूर्वी एक आज्ञा टंकली की नोंदींची यादी तारखेच्या क्रमाने मिळे. आता ती नावांच्या क्रमाने मिळणार होती.

"आणि पहिली ओळ सर्वांत जुनी असणार, या भरवशावर ज्याने पुढचे काम बेतले असेल, त्याचे काय?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग त्यानेच मला 'ग्रेप'च्या ३.८ या आवृत्तीचे २०२२ मधील निवेदन दाखविले. मोठ्या मजकुरातून हव्या त्या शब्दाच्या ओळी वेचून देणारी ही जुनी आज्ञा. तिची 'ई-ग्रेप' व 'एफ-ग्रेप' ही दोन रूपे २००७ पासून त्याज्य ठरली होती. आता ती वापरणाऱ्यास इशारा देतील, त्यांच्याऐवजी 'ग्रेप -ई' व 'ग्रेप -एफ' लिहावे, असे तेथे नोंदविले होते. काय बदलले, पूर्वसूचना केव्हाची आणि आता काय करावे, हे सारे एकाच वाक्यात!

मला मात्र हे शहाणपण फार महागात मिळाले आहे. एका वर्षी उन्हामुळे मी परीक्षेची वेळ अकराऐवजी आठची केली आणि फलकावर लिहिले, 'वेळापत्रकात किरकोळ बदल. तपशील कार्यालयात पाहावा.' खेड्यातून चालत येणारी एक मुलगी साडेदहाला फाटकाशी पोहोचली, तेव्हा पेपर संपत आला होता. तिने तक्रार केली नाही. चूक आपलीच, असे समजून ती माझीच क्षमा मागू लागली. पुढे तिची परीक्षा पुन्हा घेतली, पण ती क्षमायाचना आजही माझ्या कानांत आहे.

बदल किरकोळ की मोठा, हे ठरविण्याचा अधिकार तो करणाऱ्याचा नव्हे. ज्याला त्याची झळ पोहोचते त्याचा.

भाच्याने ते वाक्य खोडले. जुना क्रम, नवा क्रम आणि जुना हवा असल्यास काय टंकावे, अशा तीन ओळी त्याने निवेदनाच्या अगदी आरंभी लिहिल्या. भाषा तपासण्यासारखे त्यांत काहीच उरले नव्हते.