मर्यादा कोणी ठरवायची?



मंदिरातून बाहेर पडताना कुणाच्या अमेरिकेतल्या मुलाचा विषय निघाला की आपले प्रश्न ठरलेले असतात. घर केवढं घेतलं? गाड्या किती? कर्ज किती, हे मात्र कुणी विचारत नाही. ते विचारणं आपल्याला बरं वाटत नाही. आज त्याबद्दलच लिहिते.

माझ्या जाऊबाईंचा मुलगा टेक्सासमध्ये आहे. गेल्या वर्षी त्याची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला अशा वेळी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी किंवा राहण्याची दुसरी कायदेशीर सोय झाली नाही, तर देश सोडायचा. घराचा हप्ता, दोन गाड्यांचे हप्ते आणि तीन कार्डांची बाकी डोक्यावर होती. पगार चांगला होता, पण शिल्लक जेमतेम एका महिन्याची. जाऊबाई रात्र रात्र णमोकार म्हणत बसायच्या. मला फोनवर तो म्हणाला, "काकू, पगार चालू होता तोवर हे कर्ज आहे असं वाटलंच नाही. मी दर महिन्याला मिनिमम भरत होतो."

हे मिनिमम काय असतं, ते कागदावर मांडून बघू. कार्डावर ५,००० डॉलर बाकी आहे. व्याज वर्षाला २४ टक्के, म्हणजे महिन्याला २ टक्के. तिकडच्या बऱ्याच बँका त्या महिन्याचं व्याज आणि मुद्दलाचा एक टक्का एवढंच किमान मागतात. पहिल्या महिन्यात १५० डॉलर भरले, तर १०० व्याजात जातात आणि मुद्दल ५० नं कमी होतं. असं वर्षभर भरलं की खिशातून सुमारे १,७०० जातात आणि कर्ज उतरतं सुमारे ५७०. नवीन काहीही न घेता कर्ज निम्म्यावर यायला पावणेसहा वर्षं लागतात. तोवर नुसतं व्याजच ५,००० डॉलर भरून झालेलं असतं. जेवढं घेतलं तेवढं व्याज दिलं, आणि निम्मं देणं अजून तसंच!

ही सवय लोकांना आपोआप लागली नाही. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेनं कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात सुमारे ६०,००० कार्डं न मागता घरोघरी पोस्टानं पाठवली. न मागता कार्ड पाठवायला १९७० साली कायद्यानं बंदी आली. पुढे १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की बँक ज्या राज्यातली, त्या राज्याचा व्याजदर ती दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकालाही लावू शकते. मग व्याजावर बंधन नाही अशा राज्यांत बँकांनी आपली कार्डांची कामं हलवली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्रेडिट कार्डांची एकूण बाकी एक लाख कोटी डॉलरच्या वर गेली.

गंमत म्हणजे 'अमेरिकन ड्रीम' हा शब्द ज्यांच्यामुळे घरोघरी पोचला, त्या जेम्स ट्रस्लो ॲडम्स यांनी १९३१ च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट म्हटलं होतं, की हे स्वप्न नुसतं मोटारींचं आणि मोठ्या पगाराचं नाही. जन्म कुठल्याही घरात झालेला असो, माणसाला आपल्या कुवतीप्रमाणे पूर्ण वाढता यावं, असं ते स्वप्न होतं. आपली मुलं शिकून तिकडे गेली, ती याच स्वप्नासाठी. मोटार मागाहून येऊन पुढे बसली.

आता आपल्या घरातलं बघू. श्रावकाचं पाचवं अणुव्रत परिग्रह-परिमाणाचं. शेत, घर, सोनं-चांदी, धन-धान्य, भांडी-कपडे, सगळ्याची मर्यादा आपण स्वतः घालायची, आणि शक्य तितकी ती कमी करत जायची. कार्डालाही मर्यादा असते. पण ती बँक ठरवते, आणि आपण नीट भरत राहिलो की वाढवते. आपल्याला किती लागतं, हा विचार त्यात नसतो. आपल्याला किती ओझं उचलता येईल, एवढंच बघितलेलं असतं. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात मूर्च्छेला, म्हणजे ममत्वाला, परिग्रह म्हटलं आहे. हप्त्याची वस्तू तर अजून आपली झालेलीही नसते, पण तिच्यावरची मूर्च्छा पहिल्या दिवसापासून पूर्ण असते.

कर्ज म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही. शिक्षणासाठी किंवा राहत्या घरासाठी झेपेल तेवढं घ्यावं लागतं. पण मुलांनी हा ताण का घेतला, यात आपलाही थोडा वाटा आहे. आपण इथून "केवढं घर?" विचारतो, म्हणून ती मोठं घर दाखवतात.

पुतण्याला सातव्या आठवड्यात कमी पगाराची का होईना, नोकरी मिळाली. एक गाडी विकली. कार्डांची बाकी तो अजून फेडतो आहे.

येत्या दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण नियम घेऊ, तेव्हा परदेशातल्या मुला-सुनांनाही फोनवर दोन नियम सुचवू या. कार्डाची बाकी दर महिन्याला पूर्ण भरायची. आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडेपर्यंत नवा हप्ता नाही. आणि आपण स्वतः एक नियम घेऊ. पुढच्या फोनवर घराचे फोटो मागायच्या आधी विचारायचं, "बाळा, देणं किती राहिलं? झोप लागते ना?"