हिऱ्याची सुई

घरात नवी वस्तू आणायची म्हटली की गृहिणीच्या मनात दोन प्रश्न येतात. ती खरोखर हवी आहे का, आणि आणल्यावर तिची निगा कोण राखणार? फ्रिज, मिक्सर, कपाट यांच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरे सोपी असतात. पण एखादी वस्तू बोटाच्या पेरापेक्षाही लहान असते, तिची किंमत मोठ्या यंत्रासारखी असते आणि मोलकरणीच्या फडक्याचा एक धागा अडकला तरी तिचा निकाल लागतो. अशा वस्तूचा निर्णय सगळ्या घराला मिळून घ्यावा लागतो. ग्रामोफोनच्या तबकडीवर फिरणारी सुई ज्या छोट्या डबीत बसवलेली असते ते कार्ट्रिज, आणि त्यातही 'मूव्हिंग कॉइल' जातीचे कार्ट्रिज, हे त्याचे उत्तम उदाहरण.

चेन्नईच्या मैलापूर भागातील एका मराठी घरात हा निर्णय घ्यायला जवळजवळ चार महिने लागले. घरात ऐंशी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा, शाळेत विज्ञान शिकवणारी सून आणि कॉलेजात जाणारी नात. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी मिरजेहून मद्रासला आले तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि तबकड्या जास्त होत्या, असे आजी अजून सांगतात. बालगंधर्वांची नाट्यपदे, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या भैरव्या, पुढे आलेल्या एल.पी.मधले भीमसेन जोशी आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मींचे १९६३ सालचे वेंकटेश सुप्रभातम. मराठी आणि मद्रासी, दोन्ही सूर एकाच कपाटात नांदत होते.

अब्दुल करीम खाँवर आजोबांचा विशेष जीव. त्यालाही कारण होते. किराणा घराण्याचे हे थोर गवई मिरजेत स्थायिक झाले होते आणि दक्षिणेत त्यांचे वारंवार येणे-जाणे असे. कर्नाटक संगीतातल्या सरगमचा त्यांच्या गाण्यावर मोठा प्रभाव होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर त्यांनी देह ठेवला. चेंगलपट्टूच्या अलीकडचे हे छोटे स्टेशन. त्या मार्गाने गाडी गेली की आजोबा खिडकीतून हात जोडत. मिरजेचा माणूस मद्रासच्या वाटेवर गेला, ही गोष्ट परगावी राहणाऱ्या माणसाला आपली वाटणारच.

खारे वारे आणि जुना प्लेअर

आजोबा गेल्यानंतर तबकड्या कपाटात राहिल्या. त्यांचा पेटीसारखा रेकॉर्ड प्लेअर मुलाने एकदा सुरू करून पाहिला तेव्हा आवाज आला तो चिरका आणि क्षीण. आजी म्हणाल्या, "अरे, हे कुणी नाकात बोट घालून गातंय का?"

दोष गाण्याचा नव्हता. जुन्या स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा 'क्रिस्टल' पिकअप असे. त्यातला स्फटिक रोशेल सॉल्ट या क्षाराचा. तो दाबला की वीज निर्माण होते, पण हवेतली ओल पिऊन तो हळूहळू निकामी होतो. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या दमट गावात तो किती तग धरणार? शिवाय या पिकअपचे वजन तबकडीवर जास्त पडते. आधुनिक कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आसपास भार टाकते, तर जुनी त्याच्या कितीतरी पट. म्हणजे आवाज वाईट आणि तबकडीची झीजही जास्त.

इथे खरी काळजी होती. आजोबांच्या काही तबकड्या पुन्हा बाजारात मिळणाऱ्या नाहीत. झिजलेली सुई खाचेच्या भिंती खरवडते, आणि एकदा खरवडलेला सूर परत येत नाही. मुलाने त्याच दिवशी जुना प्लेअर बंद केला आणि जुन्या बाजारातून एक चांगला जपानी टर्नटेबल घेतला. तो १०० व्होल्टवर चालणारा असल्याने आपल्या २३० व्होल्टसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला. आता प्रश्न उरला कार्ट्रिजचा.

चुंबक हलवायचा की वेटोळे?

तबकडीच्या खाचेत सुई थरथरते. त्या थरथरीची वीज करायची, एवढेच कार्ट्रिजचे काम. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की वेटोळ्यात वीज वाहते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. बहुसंख्य कार्ट्रिजमध्ये सुईच्या दांडीला इवलासा चुंबक लावलेला असतो आणि वेटोळी स्थिर असतात. ही झाली 'मूव्हिंग मॅग्नेट' जात. मूव्हिंग कॉइलमध्ये नेमके उलट. चुंबक स्थिर, आणि केसाहून बारीक तारेची वेटोळी दांडीला बसवलेली. वेटोळी अगदी हलकी करता येत असल्याने सुई बारीकसारीक वळणेही चटकन घेते. तंबोऱ्याच्या तारेची झार, तबल्याची थाप विरतानाचा नाद, गायकाने घेतलेला श्वास हे सारे मोकळेपणी ऐकू येते, असे जाणकार म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. कोपनहेगनच्या ऑर्टोफोन कंपनीने १९४८ मध्ये मूव्हिंग कॉइल पिकअप बनवले. जपानच्या डेनॉन कंपनीने तिथल्या एन.एच.के. या नभोवाणी संस्थेसाठी १९६० च्या दशकात डीएल-१०३ तयार केले. ते पुढे घरोघरच्या शौकिनांनीही उचलले.

पण फायद्याबरोबर तोटेही येतात. हलक्या वेटोळ्यात तार कमी, म्हणून वीजही कमी. मूव्हिंग मॅग्नेट साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देते, डीएल-१०३ देते अवघी ०.३. एवढा दुबळा आवाज उचलायला वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा जास्त ताकदीचा फोनो अँप्लिफायर लागतो. दुसरे असे की मूव्हिंग मॅग्नेटची झिजलेली सुई काढून घरीच नवी बसवता येते. मूव्हिंग कॉइलची बहुधा तशी काढता येत नाही. सगळे कार्ट्रिजच कारखान्याकडे किंवा कुशल कारागिराकडे पाठवावे लागते.

सुनेचा प्रश्न

मुलाचे मन मूव्हिंग कॉइलवर बसले होते. रात्री जेवणे झाल्यावर तो कागदावर आकडे मांडत बसे. एके दिवशी सुनेने तो कागद घेतला आणि शांतपणे विचारले, "अहो, हे सगळं ऐकणार कोण?"

"म्हणजे? आपण सगळे. आणि मुख्य म्हणजे आई."

"आई आता कुकरची शिट्टीसुद्धा चुकवतात. फोनवर 'हो हो' म्हणतात आणि नंतर मला विचारतात काय म्हणाला म्हणून. हा तुमचा तंबोऱ्याचा झंकार त्यांच्या कानापर्यंत पोचणार आहे का?"

मुलगा गप्प झाला. गोष्ट खरी होती. वयोमानाने ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी उंच, बारीक आवाज जातात. माणूस बोलतो हे कळते, पण काय बोलतो ते कळत नाही. मग वयस्कर माणसे हळूहळू बोलण्यातून अंग काढून घेतात. घरातल्यांना वाटते स्वभाव बदलला. खरे तर कान बदललेले असतात.

आजींनी श्रवणयंत्राला पूर्वी दोनदा नकार दिला होता. "माझं आता किती राहिलंय? कशाला खर्च?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. या वेळी सुनेने वेगळी वाट धरली. ती म्हणाली, "आई, बाबांच्या तबकड्या पुन्हा वाजवायच्या आहेत. बरोबर वाजताहेत की नाही हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? आम्हाला तर त्यातलं काही कळत नाही." आजींनी थोडा वेळ सुनेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "उद्या कुठल्या वेळेला जायचंय?"

ठरवलेल्या पैशांतून आधी श्रवणयंत्र आले. कार्ट्रिज तीन महिने पुढे ढकलले गेले. मुलाला वाईट वाटले का? थोडे वाटले असेल. पण त्या तीन महिन्यांत आजी नातीशी पुन्हा भांडू लागल्या, आणि त्या घरात याहून चांगली खूण कुठली असणार?

निवड

थांबल्याचा आणखी एक फायदा झाला. उतावीळपणा ओसरला आणि निवड डोळसपणे झाली. घरच्या अँप्लिफायरची सोय मूव्हिंग मॅग्नेटपुरतीच होती. डीएल-१०३ घेतले असते तर ट्रान्सफॉर्मरचा खर्च वेगळा पडला असता. शिवाय ते सुमारे साडेआठ ग्रॅम वजनाचे आणि ताठ दांडीचे असल्याने त्याला जड आर्म लागतो. घरच्या टर्नटेबलचा आर्म हलका होता. म्हणून 'हाय आउटपुट' मूव्हिंग कॉइल पसंत केले. डेनॉनचेच डीएल-११० हे त्या जातीचे. वजन पाच ग्रॅमच्या आत, वीज १.६ मिलिव्होल्ट, आणि नेहमीच्या फोनो जोडणीत ते चालते. कार्ट्रिज, आर्म आणि अँप्लिफायर या तिघांची पत्रिका जुळावी लागते, नुसता मुलगा गोरा आहे म्हणून भागत नाही!

७८ गतीच्या जुन्या तबकड्यांसाठी मात्र हे कार्ट्रिज वापरायचे नाही, हे आधीच ठरले. त्यांची खाच एल.पी.पेक्षा तीन-चार पट रुंद असते. एल.पी.ची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. त्यांच्यासाठी साधे मूव्हिंग मॅग्नेट आणि ७८ ची जाड सुई वेगळ्या हेडशेलवर बसवून ठेवली.

पंखा बंद, श्वास रोखून

कार्ट्रिज बसवण्याचा दिवस रविवार सकाळचा ठरला. मोलकरीण येऊन गेल्यावर खोलीचे दार लावले आणि पंखा बंद केला. चेन्नईत पंखा बंद करून अर्धा तास बसणे हीही एक तपश्चर्याच.

हातातली घड्याळे, बांगड्या आधीच उतरवलेल्या. मूव्हिंग कॉइलमधला चुंबक जोरदार असतो. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर जवळ नेला तर तो झटकन ओढला जातो आणि सुईची दांडी मोडते. म्हणून चुंबकाला न चिकटणारी हत्यारे घेतली आणि सुईवरचे झाकण शेवटपर्यंत काढले नाही. मागच्या चार पिनांना रंगीत तारा जोडायच्या: पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. तारा बारीक चिमट्याने धरायच्या, पिनेवर जोर करायचा नाही. जोडणी तपासायला मल्टिमीटर लावण्याचा मोह टाळायचा. त्यातल्या विजेने नाजूक वेटोळ्याला इजा होऊ शकते.

पुढे आर्मचे मागचे वजन फिरवून तो तराजूच्या दांडीसारखा तरंगता केला आणि मग भार दिला १.८ ग्रॅम, कंपनीने सांगितला तेवढाच. भार कमी ठेवला तर तबकडी वाचेल, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना जास्त दुखवते. सुनेने शाळेतल्या प्रयोगाच्या शिस्तीने भार छोट्या काट्यावर तीनदा मोजला.

मग आला कोनमापक कागद. आर्म एका टोकाशी खिळलेला असल्याने सुई कमानीत फिरते. तबकडी कापताना मात्र सुई सरळ रेषेत सरकलेली असते. हा फरक पूर्ण मिटत नाही, पण प्रचलित पद्धतीनुसार मधल्या दांड्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरच्या आसपास, अशा दोन जागी कार्ट्रिज खाचेला अगदी समांतर बसवले की बाकी ठिकाणची चूक कमीत कमी राहते. छापलेल्या कागदाचे माप पट्टीने तपासून घ्यावे, कारण छपाईत ते लहान-मोठे होते. शेवटी छोट्या आरशावर सुई टेकवून पाहिली. सुई आणि तिचे प्रतिबिंब एका सरळ रेषेत आले, म्हणजे कार्ट्रिज कुठे कलले नाही.

आजींचा निकाल

भीमसेनजींची एल.पी. लागली. आजी खुर्चीत ताठ बसल्या. मुलगा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. दोन मिनिटांनी त्या म्हणाल्या, "आवाज छान आहे रे. पण हे गाणारे बसलेत कुठे, तेच कळेना."

मुलाला काही उमगेना. सून मात्र उठली. वीज बंद करून तिने तारा पाहिल्या. पांढरी आणि निळी यांची अदलाबदल झाली होती. एका बाजूची वीज उलटी वाहू लागली की दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध ओढतात. खर्ज पातळ होतो आणि गायक मधोमध न दिसता खोलीभर पसरतो. तारा बदलल्या, तबकडी पुन्हा लावली. आजींनी डोळे मिटले. तबकडीची बाजू संपेपर्यंत कुणी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, "आता समोर बसलेत," आणि पदराने डोळे पुसत अब्दुल करीम खाँची एल.पी. मागितली.

निगा राखाल तर

तुमच्याही घरी अशा तबकड्या असतील तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. तबकड्या उभ्या ठेवा. दमट गावात त्यांच्या कव्हरांना बुरशी धरते, म्हणून कपाट अधूनमधून उघडून हवा लागू द्या. वाजवण्याआधी तबकडीवरची धूळ मऊ ब्रशने काढा. सुई साफ करताना ब्रश नेहमी मागून पुढे, दांडीच्या दिशेनेच फिरवा. टर्नटेबल पुसण्याचे काम मोलकरणीवर सोपवू नका, झाकण लावून ठेवा. हिऱ्याची सुईसुद्धा अमर नसते. पाचशे ते हजार तास वाजल्यावर ती तपासून घ्यावी. नातीने त्यासाठी एक वही केली आहे, प्रत्येक बाजूची नोंद त्यात होते.

आणि खरेदीला निघण्यापूर्वी त्या सुनेचा प्रश्न घरात एकदा विचारून पाहा: हे ऐकणार कोण? ज्याच्यासाठी गाणे आणायचे, त्याच्या कानापासून सुरुवात करावी. हिऱ्याची पाळी त्यानंतर.